खड्ड्याचाही नकाशा मागा

प्रति,
कोल्हापूर शहरात बांधकाम परवानगी देणारे अधिकारी,
उंच इमारती उभारणारे विकासक,
आणि त्यांचे आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल सल्लागार

विषय : उंच इमारतींचे पाये आणि तळघरांसाठी होणारे खोल खोदकाम

स. न. वि. वि.

२०२० साली एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली आली. प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारे जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) धरून कोल्हापुरातल्या इमारतींची उंची वाढू लागली. उंची वाढली की गाड्या वाढतात, गाड्या वाढल्या की तळघर येते. जिथे पूर्वी दीड-दोन मीटरचे फुटिंगचे, म्हणजे एकेका कॉलमखालच्या पायाचे, सुटे खड्डे निघायचे, तिथे आता प्लॉटच्या हद्दीला भिडलेला सात-आठ मीटर खोल एकच खड्डा निघतो. इमारतीच्या फायलीत वरच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. जिना किती रुंद, सामासिक अंतर किती, अग्निशमनाची टाकी किती लिटरची, हे सगळे तपासले जाते. त्या खड्ड्याचा मात्र नकाशा नसतो. त्याच्या कडा कशाने तोलणार, उपसलेले पाणी कुठे सोडणार, शेजारच्या घराचा पाया किती खोल आहे, काम अर्धवट असताना मृग लागला तर काय करणार, याचे कागदावर उत्तर नसते. कुणी विचारत नाही, म्हणून कुणी लिहीत नाही.

माती-खडकाची तपासणी आणि पायाचे डिझाइन हे आमचे काम आहे, आणि आम्ही याच शहरात राहतो. उंच इमारतींना आमचा विरोध नाही. पंचगंगेच्या पूरक्षेत्रात आडवे पसरण्यापेक्षा शहराने उंच वाढावे, असेच आमचे मत आहे. पण उंच इमारतीचा सर्वांत धोक्याचा काळ ती उभी राहिल्यानंतरचा नसतो. ती जमिनीच्या खाली असते ते सहा-आठ महिने धोक्याचे. त्या काळात धोका फक्त मालकाचा नसतो, तर खड्ड्याच्या चारही बाजूंनी राहणाऱ्या माणसांचा असतो, आणि नेमक्या त्यांनाच या फायलीत जागा नाही.

आधी कोल्हापूरच्या जमिनीबद्दल बोलले पाहिजे, कारण बरीचशी गफलत तिथून सुरू होते.

‘आपल्याकडे काय, खाली पाषाणच आहे’ हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येते. ते अर्धे खरे आहे. आपण दख्खनच्या लाव्हा थरांवर बसलो आहोत, पण हे थर एकावर एक रचलेले आहेत आणि ते सारखे नाहीत. वर काळी माती किंवा भराव, मग मऊ मुरूम, कठीण मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, मग काळा पाषाण, असा क्रम पुस्तकात छान दिसतो. जमिनीत तो हमखास मिळत नाही. बेसाल्ट झिजताना कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि मध्ये घट्ट गोटे शिल्लक राहतात. मुरमात अडकलेला दोन मीटरचा गोटा वरून ठोकला तर खडकासारखाच वाजतो. दोन लाव्हा थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या बोलाचा, म्हणजे भाजलेल्या गेरूसारख्या मातीचा पट्टा असतो. कुठे तो वीतभर, कुठे मीटरभर. कोरडा असताना तो घट्ट वाटतो. पाणी लागले की फुगतो आणि लोण्यासारखा सुटतो. म्हणजे तीन मीटर उत्तम पाषाण लागला, तरी त्याखाली बोल नाही याची खात्री तो पाषाण देत नाही.

त्यात या शहराचा स्वतःचा इतिहास जमिनीत पुरलेला आहे. कोल्हापूर तळ्यांचे गाव होते. कपिलतीर्थावर मंडई आली, वरुणतीर्थावर गांधी मैदान आले. पद्माळा, सिद्धाळा ही आज बागांची आणि वस्तीची नावे वाटतात, पण ती पाण्याची नावे आहेत. रंकाळा मुळात दगडाची खाण होता असे सांगतात. शहरात आणि शहराच्या कडेला इतर लहान खाणी, आड, विहिरी किती बुजल्या याची गणती नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले तेव्हा सातवाहनकाळापर्यंतच्या वस्तीचे थर निघाले. पुरातत्त्वाच्या दृष्टीने तो खजिना आहे. पायाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की जुन्या गावठाणात कित्येक ठिकाणी आपण मूळ जमिनीवर नाही, माणसांनी टाकलेल्या भरावावर उभे आहोत. एकाच प्लॉटच्या पूर्वेला तीन मीटरवर खडक आणि पश्चिमेला बुजलेल्या खाणीचा दहा मीटर गाळ, असे इथे होऊ शकते.

आता आमच्या तक्रारी. जिथे जास्त चुकते तिथे जास्त लिहिले आहे.

पहिली तक्रार तपासणीबद्दल. आयएस १८९२ या भारतीय मानकात साधा ठोकताळा आहे : सुमारे ०.४ हेक्टरच्या, म्हणजे एकरभराच्या प्लॉटवर प्रत्येक कोपऱ्यात एक आणि मध्ये एक बोअर, म्हणजे तपासणीचे खोल छिद्र. हा ठोकताळा साधारण एकसारख्या जमिनीसाठी आहे. जिथे दोन बोअरमध्येच फरक दिसतो तिथे तो अपुरा आहे, आणि कोल्हापुरात फरक दिसतोच. प्रत्यक्षात दोन बोअर घेतले जातात, तेही जिथे मशीन सहज उभे राहील तिथे. बोअर ‘हार्ड लागलं’ की थांबवला जातो. हे दोन शब्द आमच्या धंद्यातले सर्वांत महाग शब्द आहेत. हार्ड लागले म्हणजे काय? गोटा लागला की खडक? खडक असेल तर त्याच्या खाली काय? याचे उत्तर खडकात आणखी ३ ते ५ मीटर कोअर, म्हणजे खडकाचा दांड्यासारखा नमुना, काढल्याशिवाय मिळत नाही. तो कोअर डबल ट्यूब बॅरलने (नळीत नळी असलेल्या हत्याराने) काढला पाहिजे, कारण साध्या बॅरलमध्ये मऊ पट्टा पाण्याबरोबर धुऊन जातो आणि पेटीत फक्त चांगला दगड येतो. अहवालात कोअर रिकव्हरी (खोदलेल्या लांबीपैकी हाती आलेला दगड) आणि आरक्यूडी हे दोन्ही आकडे हवेत. आरक्यूडी म्हणजे १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची एकूण लांबी, काढलेल्या लांबीच्या टक्केवारीत. रिकव्हरी ९० टक्के आणि आरक्यूडी २० असेल तर दगड मिळाला, पण तो तुकड्या-तुकड्यांचा आहे. त्यावर पूर्ण खडकाचा भार देता येत नाही. आणि कोअरच्या पेटीचा रंगीत फोटो अहवालाला जोडा. तांबडा पट्टा आकड्यांपेक्षा फोटोत लवकर दिसतो.

बोअर वाढवायचा खर्च विकासकांना टोचतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण सहा बोअरचा खर्च एका फ्लॅटच्या किमतीच्या दहाव्या हिश्शातही बसतो. चुकीच्या ठिकाणी थांबलेल्या पायाची दुरुस्ती कुठल्याच हिश्शात बसत नाही.

अहवालात भूजलाची पातळी लिहिताना तारीखही लिहावी. एप्रिलमध्ये मोजलेली पातळी ऑगस्टमधल्या तळघराच्या डिझाइनला वापरणे ही सरळ चूक आहे. नाल्याकाठच्या प्लॉटवर पाण्यातले सल्फेट आणि क्लोराइडही तपासावेत, कारण जयंती नाल्याकाठी जमिनीत जे मुरते ते नुसते पावसाचे पाणी नाही.

दुसरी तक्रार पाईलबद्दल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांबद्दल. ‘उंच इमारत म्हणजे पाईल’ हा समज सोडा. जिथे चार-पाच मीटरवर सलग, तपासलेला खडक आहे तिथे राफ्ट (सगळ्या इमारतीखाली एकच जाड स्लॅब) किंवा खडकावरचे फुटिंग पुरते, आणि प्रत्येक फुटिंगखाली जॅकहॅमरने २-३ मीटरचे शोधछिद्र मारून खालची पोकळी किंवा मऊ पट्टा पाहता येतो. हे काम एका दिवसाचे आहे. पाईल लागते ती भरावात, गाळात, नदीकाठच्या काळ्या मातीत. तिथेही एक गोष्ट विसरली जाते. नव्याने टाकलेला भराव स्वतः खचत असतो आणि खचताना तो पाईलला धरून खाली ओढतो. पाईलला आधार देणारी माती उलट तिच्यावर ओझे होते. हे ओझे हिशेबात न धरता भरावातले घर्षण भारवहनात जमा धरले, तर चूक दुप्पट होते.

पाईल खडकात किती रुतवायची, याचाही ठोकताळा आहे : सलग कठीण खडकात व्यासाच्या १ ते २ पट, झिजलेल्या व भेगाळ खडकात २ ते ३ पट, मऊ खडकात ३ ते ४ पट. म्हणजे १ मीटर व्यासाच्या पाईलला मांजऱ्यात ३ मीटर रुतायला हवे. तिपाईवरून आपटायच्या जड चिझलने (छिन्नीने) हे तीन मीटर काढायला दोन-तीन दिवसही जातात. ठेकेदाराचे बिल मीटरवर असते आणि चिझलचा वेळ फुकट जातो, म्हणून ‘पुढे जात नाही’ असे सांगून पाईल अर्ध्या मीटरवर थांबते. इथे दोष ठेकेदाराच्या नियतीत शोधण्यापेक्षा कराराच्या रचनेत शोधावा. खडकातल्या खोदाईचा दर वेगळा आणि पुरेसा ठेवा, चिझलचे वजन, पडीची उंची आणि ठोक्यांची नोंद ठेवा, आणि पाईल कुठे थांबवायची हे साइटवरच्या सुपरवायझरने नाही, माती-खडकाच्या सल्लागाराने सही करून ठरवावे.

काँक्रीट ओतण्याचा टप्पा तर आणखी नाजूक. भोक पाण्याने किंवा बेंटोनाइटने (कडा धरून ठेवणाऱ्या चिकणमातीच्या द्रावाने) भरलेले असते, काँक्रीट ट्रेमी पाईपने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या नळीने, तळापासून वर चढत जायला हवे. ट्रेमीचे तोंड चढत्या काँक्रीटमध्ये सतत किमान २ मीटर बुडालेले असले पाहिजे. ते एकदा बाहेर आले की मध्ये गाळाची चकती अडकते, आणि वरून पाईल पूर्ण दिसते. तळ साफ केल्यावर उशीर झाला तर गाळ पुन्हा बसतो. अशा पाईलचे बूड खडकावर नसते, चिखलावर असते. म्हणून सळयांचा पिंजरा सोडल्यानंतर पुन्हा एकदा तळ धुऊन, तळाच्या पाण्याचा नमुना काढून, खोली दोरीने मोजून मगच ओतायला सुरुवात करावी. काँक्रीटचा स्लंप (पातळपणाचे माप) १५० ते १८० मिलिमीटर, सिमेंट घनमीटरला किमान ४०० किलो. पाईलचे डोके कापायच्या पातळीच्या वर ६०० ते ९०० मिलिमीटर जास्तीचे ओतायचे, कारण वर येणारा पहिला थर गाळमिश्रित असतो.

इथे वाहतूक नियंत्रित करणाऱ्यांशीही आमचे बोलणे आहे. १.२ मीटर व्यासाची आणि १५ मीटर खोल पाईल म्हणजे १७ घनमीटर काँक्रीट. भोकाच्या वेड्यावाकड्या भिंती धरून १९. सहा घनमीटरचे चार ट्रान्झिट मिक्सर एकामागोमाग यायला हवेत. तयार काँक्रीट पाणी घातल्यापासून साधारण दोन तासांत ओतून संपले पाहिजे. दुसरा मिक्सर पोहोचला आणि तिसरा अवजड वाहनांच्या बंदीमुळे नाक्यावर अडकला, तर ती पाईल तिथेच बिघडते, आणि ते जमिनीच्या पाच-सहा मीटर खाली घडत असल्याने कुणाला कळतही नाही. ज्या दिवशी पाईल ओतायची त्या दिवसापुरती, ठरलेल्या मार्गाने, मिक्सरना परवानगी मिळण्याची सोपी पद्धत करा. रात्री १० नंतर काम ढकलणे हा उपाय नाही. शेजारच्यांची झोप हीसुद्धा या शहराची गरज आहे.

पाईल झाल्यावरची तपासणी ही बहुधा अहवालापुरती उरते. हातोडीची इंटिग्रिटी चाचणी (ठोका मारून पाईल सलग आहे का ते पाहणारी) स्वस्त आणि झटपट आहे, ती प्रत्येक पाईलवर करा. पण ती तळाशी बसलेला पातळ गाळ खात्रीने दाखवत नाही. मोठ्या व्यासाच्या पाईलमध्ये क्रॉसहोल सोनिक चाचणी (नळ्यांमधून ध्वनिलहरी पाठवून केलेली) लागते, आणि तिच्या नळ्या पिंजऱ्याबरोबरच टाकाव्या लागतात. काँक्रीट ओतल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. आयएस २९११ नुसार नित्य भारचाचणी एकूण पाईलच्या ०.५ टक्क्यांपासून, शंका असेल तर २ टक्क्यांपर्यंत, डिझाइन भाराच्या दीडपटीने. कोणत्या पाईलवर चाचणी घ्यायची ते ठेकेदाराने निवडू नये, एवढी एक अट जरी पाळली तरी बरेच सुधारेल.

तिसरी तक्रार खड्ड्याच्या कडांची. हे पत्र लिहायला लावणारी तीच.

उन्हाळ्यात काळ्या मातीत पाच मीटरची सरळ उभी कड कापली तर ती उभी राहते. मातीतला ओलावा आटलेला असतो, त्या ताणाने ती स्वतःला धरून असते. दोन महिने उभी राहिली की साइटवर सगळ्यांना वाटते, ही टिकली. पहिला वळीव पडतो, उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पाणी थेट मागे उतरते, माती फुगते, तिची ताकद जाते आणि पाण्याचा दाब मागून ढकलू लागतो. कड कोसळते ती हळूहळू नाही, एकदम. खाली पिंजरा बांधणारे मजूर असतात, वर शेजाऱ्याची भिंत. मेमध्ये टिकलेली कड जूनची हमी देत नाही, हे प्रत्येक विकासकाने भिंतीवर लिहून ठेवावे.

खडकाची कडही आपोआप सुरक्षित नसते. खोदकामात बोलाचा पट्टा उघडा पडला की हवापाण्याने तो दिवसागणिक झडतो, आणि त्याच्यावरचा पाषाण छज्ज्यासारखा पुढे लोंबत राहतो. असा पट्टा दिसला की त्याच दिवशी त्यावर जाळी लावून शॉटक्रीट (दाबाने फवारलेले काँक्रीट) मारले पाहिजे. पाषाणातल्या भेगा खड्ड्याच्या दिशेने उतरत्या असतील तर रॉक बोल्ट (खडकात बसवायचे पोलादी गज) लागतात. याला महागडी यंत्रे लागत नाहीत. बघणारा माणूस लागतो.

जुन्या पेठांत हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ इथली घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, सामायिक भिंतींची. त्यांचा पाया बऱ्याचदा मीटर-सव्वा मीटर खोल, आणि तोही रचलेल्या दगडांचा. त्यात सळई नाही, बीम नाही. अशी भिंत काही मिलिमीटर खचली तरी चिरते, आणि एकीकडून खचली तर सांधे उघडतात. तिला लागून सहा मीटर खोदायचे असेल तर आधी शोधखड्डा घेऊन तिचा पाया किती खोल आहे ते पाहा. खोदकाम सलग न करता दोन-तीन मीटरच्या पट्ट्यांत, एक आड एक करा. एका पट्ट्यात भिंत ओतून झाल्याशिवाय शेजारचा पट्टा उघडू नका. आपल्या जुन्या गवंड्यांनाही ही पद्धत माहीत होती. आज पोकलेन एका दिवसात सगळी कड मोकळी करतो, म्हणून ती मागे पडली.

कड तोलायची साधने निवडतानाही पाणी बघावे लागते. पाणी नसलेल्या घट्ट मुरमात सॉइल नेलिंग (कडेत आडव्या सळया रोवणे) आणि शॉटक्रीट पुरते. मात्र नेल शेजाऱ्याच्या जमिनीत शिरतात, त्यासाठी त्यांची लेखी संमती लागते, ती घेतली जात नाही. गाळात, पाण्याखाली, एकमेकींना टेकवलेल्या टच पाईलच्या फटींतून पाणी येते आणि पाण्याबरोबर बारीक माती येते. तिथे एकमेकींत घुसवलेल्या सीकंट पाईल किंवा डायाफ्राम वॉल (जमिनीत ओतलेली सलग काँक्रीटची भिंत) हवी, नाहीतर फटींत ग्राउटिंग (सिमेंटचे द्रावण भरणे) हवे. आणि सर्वांत साधा नियम, जो आयएस ३७६४ मध्ये आहे आणि रोज मोडला जातो : उपसलेली माती कडेपासून किमान १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्म्याइतकी, यांपैकी जे जास्त असेल तितकी दूर ठेवा. भरलेला मिक्सर जवळपास २५ टनांचा असतो. तो कडेला उभा राहणार असेल तर ते वजन डिझाइनमध्ये धरलेले असले पाहिजे.

चौथी तक्रार पाण्याची. खड्ड्यातून पंप अहोरात्र चालतो, पाणी गटारात जाते, कुणाला त्यात वावगे वाटत नाही. पण त्या पाण्याची एक बादली भरून तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला, तर ती शेजाऱ्याच्या पायाखालची माती आहे. महिनाभर गढूळ पाणी उपसले तर घराखाली पोकळी होते. स्वच्छ पाणी उपसले तरी आजूबाजूची भूजल पातळी उतरते, मऊ माती दबते आणि विहिरी-बोअर आटतात. म्हणून पंपाच्या आधी गाळणीची विहीर हवी, गटाराच्या आधी गाळ बसवायची टाकी हवी, आणि पाण्याची पातळी मोजायला खड्ड्याबाहेर किमान दोन निरीक्षण नळ्या हव्यात. पाईलचे वापरलेले बेंटोनाइट गटारात सोडणे तर पूर्ण बंद करा. ते गटारात बसले की पहिल्याच पावसात गल्ली तुंबते.

आणि पंप बंद करायची घाई. याचा हिशेब मांडूनच दाखवतो. तळघराचा तळ जमिनीखाली ७ मीटर आहे. पावसाळ्यात पाणी १ मीटरवर आले, म्हणजे तळावर ६ मीटर पाण्याचा दाब : प्रत्येक चौरस मीटरला ६ टन, खालून वर. राफ्ट ०.९ मीटर जाड असेल तर तिचे वजन सव्वादोन टन. तळघराचे दोन स्लॅब, कॉलम, भिंती मिळून आणखी पावणेदोन टन धरा. झाले ४ टन. वर उचलणारा दाब ६, खाली धरणारे वजन ४. अशा वेळी पंप बंद केला तर राफ्ट फाटते किंवा सगळे तळघर होडीसारखे उचलले जाते. वरचे चार-पाच स्लॅब होईपर्यंत पंप थांबवता येत नाही. जिथे तळघर टॉवरच्या बाहेर पार्किंगसाठी पसरलेले आहे, त्या भागावर तर टॉवरचे वजन कधीच येणार नाही. तिथे खडकात कायमचे अँकर (तळघर खाली धरून ठेवणारे गज) किंवा ताण घेणाऱ्या पाईलच लागतात.

कोल्हापुरात हा हिशेब पुराशी जोडूनच करावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, रमणमळा, सुतारवाडा इथल्या लोकांना ते सांगायला नको. पूर आला की वीज जाते, वीज गेली की पंप थांबतो, आणि नेमके तेव्हाच दाब सर्वांत जास्त असतो. म्हणून डिझेल पंप हवाच, शिवाय राफ्टमध्ये दाब सोडायच्या नळ्या ठेवा. पाणी हाताबाहेर जाऊ लागले तर अर्धवट तळघरात ठरवून पाणी भरा. भरलेले तळघर नंतर उपसता येते. उचलले गेलेले तळघर पुन्हा जागेवर बसवता येत नाही.

खडक फोडण्याबद्दल थोडक्यात. दाट वस्तीत सुरुंग नकोतच. ब्रेकर लावायचा तर हद्दीच्या रेषेवर आधी ओळीने जवळजवळ छिद्रे मारून खडक सुटा करा, म्हणजे कंपने पलीकडे कमी जातात. जुन्या भिंतींजवळ फुगणारी रासायनिक पावडर किंवा हायड्रॉलिक स्प्लिटर वापरा. खाणींसाठीच्या डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) १९९७ च्या परिपत्रकात कमी वारंवारतेच्या कंपनांना साध्या घरांसाठी सेकंदाला ५ मिलिमीटर आणि ऐतिहासिक वास्तूंसाठी २ मिलिमीटर अशी मर्यादा आहे. अंबाबाईचे मंदिर आणि त्याभोवतीच्या जुन्या वाड्यांच्या परिसरात दुसरा आकडाच धरावा. त्याशिवाय कोयनेचा १९६७ चा भूकंप ज्या भागाने अनुभवला त्या भागात, भरावातल्या पाईलचे आडव्या बलासाठीचे डिझाइन हा फायलीतला रिवाज म्हणून उरकण्याचा भाग नाही.

आमच्या मागण्या :

१. तळघर किंवा ३ मीटरपेक्षा खोल खोदकाम असलेल्या प्रत्येक कामासाठी खोदकामाची स्वतंत्र परवानगी असावी. त्यात कडा तोलण्याचा नकाशा, खोदाईचे टप्पे, पाणी उपसण्याची आणि सोडण्याची व्यवस्था, शेजारच्या पायांच्या खोलीसह हद्दीचे छेद आणि पूर आल्यास करायच्या गोष्टी असाव्यात. त्यावर माती-खडकाच्या आणि स्ट्रक्चरल अशा दोन्ही सल्लागारांच्या सह्या असाव्यात.

२. बोअरची संख्या आणि खोली प्लॉटवर ठरवावी. किमान एक बोअर पायाच्या तळाखाली खडकात ५ मीटर जावा. बोअर चालू असतानाचे आणि कोअरच्या पेट्यांचे फोटो, जागा आणि तारखेसह, जोडावेत.

३. खोदकाम सुरू होण्याआधी शेजारच्या घरांची, खड्ड्याच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत, भेगांच्या फोटोंसह पाहणी व्हावी आणि तिची एक प्रत त्या घरमालकाला मिळावी. भांडण झाले तर भेग आधीची की नंतरची, हे त्याला सांगता आले पाहिजे.

४. काम चालू असताना शेजारच्या भिंतींवर खुणा मारून दर आठवड्याला, आणि पावसात रोज, पातळी मोजावी. जुन्या दगड-मातीच्या भिंतींसाठी आमचा प्रस्ताव असा : ५ मिलिमीटर खचल्यास सल्लागाराला बोलवा, १० मिलिमीटरला काम थांबवून कड भरून घ्या. हे आकडे साइटच्या फलकावर लिहावेत.

५. ३१ मे रोजी जो खड्डा तोलून झालेला नाही, तो पावसाळ्यात उघडा राहू नये. उतार द्या किंवा कडेला भराव घाला. मालकाने केले नाही तर परवानगी देणाऱ्यांनी करून खर्च वसूल करावा. बंद पडलेल्या, वादात अडकलेल्या साइटनाही हे लागू असावे. त्या सर्वांत धोकादायक आहेत, कारण तिथे पंप चालवायलाही कुणी नसते.

६. शहरातल्या सगळ्या बोअर अहवालांचे एकच सार्वजनिक भांडार करावे, आणि त्यावर बुजलेली तळी, खाणी, विहिरी आणि नाल्यांचे जुने प्रवाह दाखवावेत. प्रत्येक विकासक आज तीच जमीन नव्याने शोधतो आणि सापडलेले कपाटात ठेवतो. हे अहवाल परवानगीच्या फायलींत आधीच आलेले आहेत, ते एकत्र मांडायचे आहेत. यासाठी लागणारे तांत्रिक काम आम्ही विनामोबदला करायला तयार आहोत.

७. पाईलच्या नोंदवह्या, चाचण्यांचे अहवाल आणि खडकात किती रुतली याचा तक्ता जोते तपासणीच्या दाखल्याआधी जमा व्हावा. फ्लॅट घेणाऱ्याने मागितला तर त्याला तो पाहायला मिळावा.

विकासकांना वेगळे सांगायचे आहे ते एवढेच, की यातली एकही मागणी आम्ही नव्याने शोधलेली नाही. यातल्या बहुतेक गोष्टी चांगली कामे करणारे आजही करतात, आणि तसे न करणाऱ्यांच्या कमी दरापुढे निविदेत हरतात. नियम सगळ्यांना सारखा लागला तर तुमच्यातल्या चांगल्यांचाच फायदा आहे.

खड्ड्याशेजारी राहणाऱ्या नागरिकांनाही विनंती. भिंतीला नवी भेग दिसली, दार अचानक घासू लागले, अंगणात कडेला समांतर चीर पडली, किंवा पंपातून गढूळ पाणी येताना दिसले, तर फोटो काढा, भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने तारीख घाला आणि लेखी कळवा. चीर वाढत असेल तर त्या बाजूच्या खोलीत झोपू नका.

परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांकडून आम्हाला या पत्राचे उत्तर ३० दिवसांत, लेखी हवे आहे : कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि का. मागणी क्रमांक ५ साठी मात्र ३० दिवस थांबू नका. शहरात आत्ता किती खड्डे उघडे आहेत त्याची यादी या आठवड्यात करा, आम्ही बरोबर फिरायला येतो.

कळावे,

कोल्हापुरातील माती-खडक तपासणी आणि पाया अभियांत्रिकीतील अभियंते